हुंडणावळीची जोखीम

पुण्याहून सोलापुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर, भीमेच्या खोऱ्यांत, माढें तालुक्यांतील टेंभुर्णी हें गांव लागतें. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी सदाशिवपंत माणकेश्वर ह्यांच्या नांवाशीं ह्या गांवाचा इतिहास जोडलेला आहे, आणि जुन्या बखरी-दफ्तरांत टेंभुर्णीचें नांव येतें तें बहुधा त्यांच्यामुळेंच. हल्लीं मात्र गांवाची ओळख निराळी झाली आहे. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें आणि जेथें पूर्वीं ज्वारीच्या पलीकडे कोणाची दृष्टि जात नसे, तेथें ऊंस, केळीं व डाळिंबें होऊं लागलीं. शेजारच्या करमाळें तालुक्यांतील कंदरची केळीं आखातापर्यंत जातात. जवळपासच्या कारखान्यांची साखर परदेशाच्या वाटेस लागली, तर तिचा भाव न्यूयॉर्क व लंडन येथील बाजारांत डॉलरच्या हिशेबानें ठरतो. ज्यानें डॉलरची नोट जन्मांत हातीं धरली नाहीं, अशा शेतकऱ्याच्या घरांतील मिळकत ह्याप्रमाणें डॉलरच्या चढउताराशीं नकळत बांधली गेली आहे.

परदेशी चलनाच्या भावांत होणाऱ्या फेरफारापासून व्यापारी आपला बचाव कसा करतात, हा विषय रुक्ष व परका वाटण्याजोगा आहे. 'फॉरवर्ड', 'ऑप्शन', 'स्वॅप' हीं नांवें ऐकूनच पुष्कळांस तो आपला नव्हे असें वाटतें. परंतु नांवें बाजूस सारून वस्तूकडे पाहिलें, तर ती आपल्या बाजारपेठांतून फार पूर्वींपासून वावरत असल्याचें दिसून येईल. प्रस्तुत लेखांत ह्या वस्तूचा माग आपल्याच मुलखांतून काढण्याचें योजिलें आहे. असा माग काढतांना एक गोष्ट पुनःपुन्हां प्रत्ययास येते, ती ही कीं, जोखीम कोणत्याही करारानें नाहींशी होत नाहीं. ती एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. तेव्हां ती कोणाच्या खांद्यावर गेली, त्यानें ती जाणूनबुजून घेतली काय, आणि घेण्याचा मोबदला त्यास मिळाला काय, हेच ह्या विषयांतील खरे प्रश्न होत.

पेशवाईंत नाणीं एक प्रकारचीं नव्हतीं. अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना शिक्क्यांचे रुपये एकाच पेठेंत चालत. प्रत्येकाची चांदी वेगळी, झीज वेगळी आणि म्हणून बट्टाही वेगळा. आज या गांवीं जो रुपया पुरा समजला जाई, तोच चार मजलांवर दुसऱ्या गांवीं कमी किंमतीस घेतला जाई. अर्थात् परगांवचा व्यापार म्हणजे एका अर्थीं परचलनाचाच व्यापार होता. ह्या अनिश्चिततेवरचा पहिला उपाय अगदीं साधा होता. कर्जरोख्यांत नुसतें 'रुपये' असें न लिहितां ते कोणत्या शिक्क्याचे हें लिहून ठेवावयाचें, म्हणजे फेडीच्या दिवशीं हलकें नाणें पदरांत पडण्याची भीति राहत नसे. आजच्या करारपत्रांत रक्कम कोणत्या चलनांत द्यावयाची ह्याविषयीं जें कलम असतें, त्याचा हा पूर्वजच म्हणावयाचा.

दुसरा उपाय हुंडीचा. दर्शनी हुंडी दाखवितांच पटवावयाची, आणि मुदती हुंडी ठराविक दिवसांनीं. ती लिहून देण्याबद्दल सराफ जें घेई, त्यास हुंडणावळ म्हणत. आणि पुढें इंग्रजी अमदानींत रुपया व पौंड ह्यांच्यामधील भावासही मराठी लेखक हुंडणावळच म्हणूं लागले. परंतु सर्वांत लक्षांत घेण्याजोगी ती जोखमी हुंडी. जहाजानें पाठविलेल्या मालावर ही हुंडी लिहिली जाई, आणि माल सुखरूप बंदरास लागला तरच तिचे पैसे द्यावे लागत. जहाज बुडालें तर हुंडीही बुडाली! हुंडी विकत घेणारा सराफ ह्याप्रमाणें समुद्राची जोखीम आपल्या अंगावर घेई, व त्या मानानें हुंडीची किंमत कमी देई. मूळ वस्तूच्या नशिबावर ज्याची किंमत अवलंबून आहे अशा कागदास हल्लीं 'डेरिव्हेटिव्ह' म्हणतात. ह्या व्याख्येंत आमची जोखमी हुंडी तंतोतंत बसते. आणि तिचा विशेष हा कीं, तिच्या पाठीशीं खराखुरा माल असे.

१८३५ सालीं कंपनी सरकारनें सर्व हिंदुस्थानाकरितां एकच रुपया केला. त्याचें वजन १८० ग्रेन, व त्यांत शुद्ध चांदी १६५ ग्रेन. ह्यामुळें सराफांचा बट्ट्याचा धंदा हळूहळू बसला. परंतु सोलापूर जिल्ह्यापुरती ही गोष्ट पुरती खरी नव्हे. कारण माढें व बार्शी तालुक्यांच्या पलीकडे निजामाची हद्द लागत असे, आणि तेथें हाली शिक्क्याचा रुपया चाले. १०० इंग्रजी रुपयांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहास सात, असें त्याचें प्रमाण धरीत. बार्शीच्या पेठेंत मराठवाड्याचा कापूस व गळिताचीं धान्यें येत. तेथील आडत्यास मालाच्या भावाबरोबर नाण्याच्या भावाचाही हिशेब ठेवणें भाग पडे. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान विलीन झालें व त्यानंतर कांहीं वर्षांनीं हें नाणें चलनांतून गेलें. म्हणजे ज्यास आपण परदेशी हुंडणावळ म्हणतों, ती गोष्ट ह्या भागांतील व्यापाऱ्यास समुद्र ओलांडल्यावांचून, बैलगाडीच्या एका-दोन मुक्कामांवर भेटत असे.

कंपन्यांपुरता हा प्रश्न कसा उभा राहतो, ह्याचेंही एक उत्तम उदाहरण टेंभुर्णीच्या शेजारींच मिळतें. कुर्डुवाडीहून बार्शीस जाणारी लहान रेल्वे वाचकांपैकीं अनेकांच्या ऐकिवांत असेल. ती बांधणारी बार्शी लाइट रेल्वे कंपनी १८९५ सालीं लंडन येथें नोंदली गेली, व १८९७ सालीं गाडी सुरू झाली. प्रवासी भाडें देत तें रुपयांत, कापसाच्या गासड्यांची हांशील जमा होई ती रुपयांत. परंतु भागीदार विलायतेंत, आणि त्यांचा नफा पौंडांत. १८९४-९५ च्या सुमारास एका रुपयास सरासरीनें १३ पेन्स येत. १८९९ सालीं तोच दर १६ पेन्सांवर स्थिर करण्यांत आला. म्हणजे एकही उतारू न वाढतां व एकही डबा अधिक न जोडतां, रुपयाची तीच रक्कम लंडनमध्यें जवळजवळ पाव हिस्सा अधिक भरूं लागली. हें उलटही होऊं शकलें असतें. मिळकत एका नाण्यांत आणि देणें दुसऱ्या नाण्यांत, हें ज्या कंपनीच्या वांट्यास आलें, तिच्या धंद्यांत आणखी एक अदृश्य भागीदार शिरला असें समजावें. तो कष्ट करीत नाहीं, पण नफ्यातोट्यांत मात्र वांटा मागतो.

हा भागीदार हिंदुस्थानांत इतका प्रबळ कां झाला, हें समजण्यास चांदीचा इतिहास थोडक्यांत पाहिला पाहिजे. १८७१ ते १८७३ च्या दरम्यान जर्मनीनें सोन्याचें नाणें स्वीकारलें, इतर राष्ट्रांनीं तिचें अनुकरण केलें, आणि चांदीचा भाव घसरूं लागला. रुपया चांदीचा असल्यामुळें पूर्वीं जो सुमारें २ शिलिंगांचा होता, तो वीस वर्षांत १ शिलिंग ३ पेन्सांवर आला. सरकारास दरसाल विलायतेस मोठी रक्कम पौंडांत भरावी लागे. तिचा बोजा रुपयांत वाढतच चालला. शेवटीं १८९३ सालीं लोकांच्या चांदीस टांकसाळी बंद झाल्या. पुढें स्टेट सेक्रेटरीनें लंडनमध्यें दर आठवड्यास 'कौन्सिल बिलें' विकून हुंडणावळ १ शिलिंग ४ पेन्सांच्या आसपास राखिली. ह्याच प्रकरणाचा सांगोपांग अभ्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या 'दि प्रॉब्लेम ऑफ दि रुपी' ह्या १९२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रबंधांत केला आहे. रुपया उतरल्यानें निर्यात करणारांस जो लाभ झाला, तो राष्ट्रास बाहेरून मिळालेला लाभ नसून एका वर्गानें दुसऱ्या वर्गाच्या पदरांतून घेतलेला लाभ होय, असें त्यांनीं दाखविलें. कारण वस्तूंचे भाव वाढले तरी मजुरी त्या वेगानें वाढत नाहीं. हुंडणावळीच्या चढउताराचा भार शेवटीं ज्यास बोलतां येत नाहीं त्याच्यावर जाऊन पडतो, हा त्यांतील मथितार्थ विसरण्यासारखा नाहीं.

दर स्थिर असला म्हणजे जोखीम नाहींशी झाली असें व्यापाऱ्यास वाटूं लागतें. वस्तुतः त्या काळांत ती सरकारनें आपल्या अंगावर घेतली होती, एवढेंच. सरकारास ती पेलेनाशी झाली तेव्हां काय घडलें, हें १९२० सालानें दाखविलें. पहिल्या महायुद्धांत चांदी कडाडली, त्यामुळें १९१७ पासून रुपयाचा दर टप्प्याटप्प्यानें वाढवावा लागला, आणि १९२० च्या फेब्रुवारींत तो २ शिलिंग १० पेन्सांच्या आसपास गेला. बॅबिंग्टन स्मिथ कमिटीनें २ शिलिंगांचा सोन्याचा दर कायम करावा अशी शिफारस केली. कमिटींतील एकटे हिंदी सभासद, मुंबईचे दादिबा मेरवानजी दलाल ह्यांनीं भिन्न मतपत्रिका जोडून जुना १ शिलिंग ४ पेन्सांचा दरच राखावा असें बजाविलें; परंतु तें कोणी ऐकलें नाहीं. सरकारनें दर टिकविण्यासाठीं उलट हुंड्या विकल्या, सुमारें साडेपांच कोटी पौंड ओतले, आणि सप्टेंबरअखेर हात टेंकले. १९२१ च्या आरंभीं रुपया १ शिलिंग ४ पेन्सांच्याही खालीं उतरला होता.

ह्या उलथापालथींत सांपडला तो कापडाचा आयात व्यापारी. रुपया महाग आहे, विलायती माल स्वस्त पडतो, असें पाहून त्यानें मँचेस्टरला मोठमोठ्या मागण्या नोंदविल्या होत्या. १,००० पौंडांचा माल २ शिलिंग १० पेन्सांच्या दरानें सुमारें ७,०५९ रुपयांस पडतो. २ शिलिंगांच्या दरानें १०,००० रुपयांस. आणि १ शिलिंग ४ पेन्सांच्या दरानें १५,००० रुपयांस. माल बंदरांत येऊन पडला तेव्हां हिशेब तिसऱ्या दरानें करण्याची पाळी आली. अनेक व्यापाऱ्यांनीं माल सोडवून घेण्याचें साफ नाकारलें. गासड्या गुदामांत कुजूं लागल्या. २ शिलिंगांखालीं हिशेब चुकता करावयाचा नाहीं असे ठराव व्यापारी मंडळ्यांनीं केले, आणि पिढ्यानुपिढ्यांची पत धुळीस मिळाली. येथें लक्षांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं, मागणी नोंदवितांनाच एक्स्चेंज बँकेशीं पौंडांचा दर मुदतीनें बांधून घेण्याची सोय त्या वेळींही होती. ज्यांनीं ती घेतली ते वांचले. ज्यांनीं ती घेतली नाहीं त्यांची समजूत अशी होती कीं, आपण सट्टा करीत नाहीं, सरळ व्यापार करीत आहों. परंतु दर बांधून न घेणें हाही एक सौदाच होता. तो त्यांनीं न कळत केला, आणि सरकारच्या शब्दावर केला.

दर बांधून घेण्याची ही युक्ति मुंबईच्या बाजारास नवी नव्हती. कापसाचे वायदे तेथें गेल्या शतकाच्याही पूर्वींपासून चालत आले होते. त्यांतच तेजी-मंदीचा प्रकार होता. 'तेजी' लावणारा थोडा नजराणा देऊन, अमुक दिवशीं अमुक भावानें माल घेण्याचा हक्क विकत घेई. भाव चढला तर हक्क बजावी, न चढला तर नजराणा सोडून देई. 'मंदी' लावणाऱ्याचा हक्क माल विकण्याचा. एकाचें नुकसान नजराण्यापुरतें मर्यादित. नजराणा घेणाऱ्याच्या नुकसानीस मात्र सीमा नाहीं. ह्यांतून जुगार इतका माजला कीं, १९५२ च्या वायदे नियमन कायद्यानें मालाच्या तेजी-मंदीस बंदी घातली. पुढें अर्धें शतक लोटल्यावर, २००३ च्या जुलैंत, रिझर्व्ह बँकेनें रुपया व परचलन ह्यांच्या 'ऑप्शन'ला परवानगी दिली, तेव्हां दारांतून आंत आला तो हाच जुना परिचित होता. पोषाख तेवढा नवा होता.

मधल्या काळाविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. १९२७ सालीं दर १ शिलिंग ६ पेन्स ठरला, १९३१ पासून रुपया पौंडाशीं जखडला गेला, आणि स्वातंत्र्यानंतरही सरकारनें ठरविलेला दर हाच दर राहिला. पण सरकारचा दरही एका रात्रींत बदलतो. १९४९ च्या सप्टेंबरांत डॉलर ३ रुपये ३० पैशांवरून ४ रुपये ७६ पैशांवर गेला. ६ जून १९६६ रोजीं तो ७ रुपये ५० पैसे झाला. ज्या कारखान्यानें यंत्रांसाठीं लाख डॉलर कर्ज काढिलें होतें, त्याचें देणें ४ लाख ७६ हजारांचें साडेसात लाख झालें. १९९१ च्या जुलैंत दोन दिवसांच्या अंतरानें पुन्हां दोनदां अवमूल्यन झालें, आणि १९९३ च्या मार्चपासून दर बाजारावर सोंपविण्यांत आला. त्या दिवसापासून हुंडणावळीची जोखीम सरकारच्या खांद्यावरून उतरून प्रत्येक व्यापाऱ्याच्या दारांत येऊन बसली.

आतां ती तो कशी उतरवितो हें पाहूं. समजा, एका साखर निर्यात करणाऱ्यास तीन महिन्यांनीं १ लाख डॉलर यावयाचे आहेत. आजचा दर ८५ रुपये आहे, आणि बँक तीन महिन्यांच्या मुदतीनें ८५ रुपये ४० पैसे देऊं करते. हे जास्तीचे ४० पैसे बँकेच्या औदार्याचे नव्हेत. रुपयावरील व्याज बहुधा डॉलरवरील व्याजाहून अधिक असतें, आणि त्या दोहोंमधील अंतर म्हणजेच मुदतीचा वाढावा. व्यापाऱ्यानें दर बांधला कीं त्याचे ८५ लाख ४० हजार निश्चित झाले. पुढें डॉलर ८२ वर उतरला तर त्याचे ३ लाख ४० हजार वांचले. ८९ वर चढला तर ३ लाख ६० हजारांच्या लाभास तो मुकला. ह्या दुसऱ्या प्रसंगीं पुष्कळ मालक आपल्या हिशेबनिसावर रागावतात. परंतु घर जळालें नाहीं म्हणून विम्याचा हप्ता फुकट गेला असें म्हणणाऱ्यासारखाच हा राग होय. ज्यास चढाचा लाभही हवा असेल, त्यानें नजराणा भरून डॉलर विकण्याचा हक्क, म्हणजे जुनी 'मंदी', घ्यावी. परदेशीं दीर्घ मुदतीचें कर्ज असेल, तर व्याज व मुद्दल ह्यांची दुसऱ्या नाण्यांतील फेडीशीं अदलाबदल करण्याचा करार करावा. त्यासच 'स्वॅप' म्हणतात. आणि ज्याची जमाही डॉलरांत व खर्चही डॉलरांत असेल, त्यानें एकाची दुसऱ्याशीं वजावट करावी. हा उपाय सर्वांत स्वस्त. बँकही ही जोखीम स्वतःपाशीं ठेवीत नाहीं. डॉलर विकूं पाहणाऱ्या साखरवाल्याची गांठ ती डॉलर विकत घेऊं पाहणाऱ्या तेलवाल्याशीं घालते. दोघांच्या भीति परस्परविरुद्ध असतात, म्हणून त्या एकमेकींस मारक होतात. ह्या व्यवहाराचें सारें पुण्य एवढ्यांतच आहे.

त्याचें पाप कशांत आहे, हें २००७-०८ सालीं दिसलें. त्या वेळीं डॉलर चाळीस रुपयांच्याही खालीं आला होता, आणि रुपया आणखी चढेल ह्या भीतीनें निर्यातदार ग्रासले होते. संरक्षणाचा खर्च वांचविण्यासाठीं कित्येकांनीं असे गुंतागुंतीचे करार केले कीं, ज्यांत ते नजराणा देणारे न राहतां नजराणा घेणारे झाले. ज्यांचा माल डॉलरांत विकला जात होता, त्यांनीं स्विस फ्रँक व येन ह्यांच्या भावांवर पैजा लाविल्या. हीं नाणीं उलटलीं, आणि २००९ च्या मार्चांत डॉलरही ५२ रुपयांच्या आसपास गेला. वर्षानुवर्षें कपडे शिवून मिळविलेला नफा कांहीं महिन्यांत गेला. प्रकरणें न्यायालयांत गेलीं. ह्यांत दोष कागदाचा नव्हता. जोखमी हुंडीच्या पाठीशीं जहाजांतला माल असे. ह्या करारांच्या पाठीशीं कांहींच नव्हतें. २९ ऑगस्ट २००८ रोजीं मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारांत डॉलरचे वायदे खुले झाले, आणि तेथेंही लवकरच मालावांचूनची गर्दी जमली. २०२४ सालीं रिझर्व्ह बँकेनें स्पष्ट केलें कीं, अशा सौद्यांच्या मागें खरें येणें किंवा देणें असलेंच पाहिजे. आणि तें ऐकतांच त्या बाजारांतील उलाढाल एकाएकीं ओसरली. जेथें माल होता तेथें कांहीं बिघडलें नाहीं. किती ठिकाणीं तो नव्हता, हें मात्र उघड झालें.

तेव्हां पहिल्या प्रश्नाकडे वळूं: जोखीम शेवटीं कोणाकडे जाते? निर्यातदार करार झाल्या दिवसापासून पैसे हातीं येईपर्यंतचे तीन-चार महिने सुरक्षित करतो. बँक आपली जोखीम दुसऱ्याकडे देते. परंतु उसाची लागण केल्यापासून साखर विकली जाईपर्यंत वर्षाहून अधिक काळ जातो, आणि केळीच्या बागेसही तितकाच धीर धरावा लागतो. ह्या काळांत दर बांधून घेणारा कोणी नसतो, कारण करारच झालेला नसतो. डॉलर उतरला तर व्यापारी बांधावर येऊन कमी भाव सांगतो. शेतकरी समजतो कीं माल जास्त झाला किंवा नशीब फिरलें. डॉलर चढला, तर ती वार्ता बांधापर्यंत पोंचण्यास फार वेळ लागतो. आंबेडकरांनीं शंभर वर्षांपूर्वीं मजुरीविषयीं जें दाखविलें, तें आज बांधावरच्या भावासही लागू पडतें.

ह्यावर शेतकऱ्यानें डॉलरचे वायदे करावे असें सुचविणें हास्यास्पद होईल. परंतु त्याच्या संस्थांस मात्र ह्यांतून सुटका नाहीं. सहकारी साखर कारखान्याचे सभासद हे ऊंस पिकविणारेच असतात. कारखाना स्वतः निर्यात करो वा व्यापाऱ्याच्या मार्फत करो, डॉलरचा दर बांधला किंवा मोकळा ठेवला, ह्याचा निर्णय सभासदांच्या पैशाविषयींचा निर्णय असतो. वार्षिक सभेंत साखरेचा उतारा विचारला जातो, तोडणी-वाहतुकीचा खर्च विचारला जातो. त्याबरोबरच, आम्हांस दिलेला भाव डॉलरच्या कोणत्या दरावर काढला, आणि तो दर कोणत्या दिवशीं बांधला, हेंही विचारलें जावें. पेशवाईंतला सावकार रोख्यावर शिक्क्याचें नांव घातल्यावांचून पैसे मोजीत नसे. तेवढी सावधगिरी टेंभुर्णीच्या ऊंसवाल्यानें व केळीवाल्यानें आपल्या हिशेबांत दाखविली, तर ती कोणासही अधिक वाटूं नये.